नदीच्या कामाचे दिवस

सेंट क्रॉय नदीला तिची दरी ढगळ होते. टेलर्स फॉल्स गावापाशी दोन्ही बाजूंना काळ्या कातळाच्या सरळ भिंती उभ्या आहेत, काही ठिकाणी शंभर फुटांच्या वर. त्यांच्या मधून जाणारी नदी मात्र सावकाश, तपकिरी पाण्याची. वरच्या दलदलींमधली पानं-मुळं कुजून तिला तो रंग आलेला. समोरच्या काठावरच्या माणसांचं बोलणं इकडे ऐकू येतं, इतकी ती शांत. एवढ्या नदीने एवढा कातळ कापला असं कोणी सांगितलं तर पटत नाही, आणि पटायचं कारणही नाही. कापणारं पाणी वेगळंच होतं. ते दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी आलं, काम करून गेलं. आता तिथे जी वाहते ती मागाहून राहायला आलेली.

मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या दोन राज्यांच्या सीमेवर ही दरी आहे. तिथले लोक तिला ‘डेल्स’ म्हणतात. मुलगा मिनियापोलिसला असतो, तिथून मोटारीने तासाभराचा रस्ता. अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या इंदूरच्या आईबापांचा कार्यक्रम ठरलेला असतो: देऊळ, मॉल, एकदा शिकागो, आणि उरलेले दिवस इंडियन स्टोअरमध्ये मिळणाऱ्या शेवेला आपल्या शेवेची सर नाही या विषयावर. सुनेला माझं दगडांचं वेड माहीत आहे म्हणून तिनेच हे ठिकाण शोधून काढलं. १८९५ मध्ये मिनेसोटाने आपल्या बाजूचा कातळ राखीव केला, पाच वर्षांनी विस्कॉन्सिनने आपल्या बाजूचा. एक दरी, दोन राज्यं, दोन उद्यानं, आणि दोन्हीकडे वेगळं तिकीट. त्यावर मुलाने तोंड वाकडं केलं, मी केलं नाही.

कातळ पाहिला आणि परकं काही वाटेना. तो बेसाल्ट होता, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा काळा दगड. माळव्यात जन्म काढलेल्या माणसाला बेसाल्टची ओळख करून द्यावी लागत नाही. महूच्या पुढे कालाकुंडकडे उतरताना रेल्वेसाठी जो डोंगर कापलाय तो बेसाल्ट, जुन्या वाड्यांची जोती बेसाल्टची, शहराभोवतीच्या गिट्टीच्या खाणी बेसाल्टच्या, आणि पावसाळ्यात चपलेला चिकटून घरात येणारी काळी माती हा त्याच बेसाल्टचा चुरा. तसाच रंग, तशाच उभ्या-आडव्या भेगा, तसेच वायूचे बुडबुडे अडकून झालेले आणि नंतर पांढऱ्या-हिरव्या खनिजांनी भरलेले डोळे. फरक वयात. दख्खनचा लाव्हा ओतला गेला साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. सेंट क्रॉयचा ११० कोटी वर्षांपूर्वी. आपण ज्याला पुरातन म्हणतो त्याच्या सोळा पटींहून जास्त जुना, आणि दिसायला सख्खा भाऊ.

तेव्हा उत्तर अमेरिका खंड मधोमध फाटायला निघालं होतं. आजच्या सुपीरियर सरोवरापासून पार कॅन्ससपर्यंत, दोन हजार किलोमीटरच्या आसपास लांबीची भेग पडली, तिच्यातून लाव्ह्याचे थरावर थर बाहेर आले, आणि मग फाटणं थांबलं. का थांबलं यावर भूशास्त्रज्ञ अजून भांडतात. थांबलं नसतं तर मिनियापोलिसला आज बंदर असतं. पुढे ५० कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र आला, बेसाल्टचे उंचवटे त्यात बेटांसारखे राहिले, लाटांनी त्यांचे धोंडे घोटले आणि वाळूत गाडले. तो थर टेलर्स फॉल्सच्या आसपास दिसतो, वाळूच्या दगडात अडकलेले काळे गोल धोंडे. पण त्या समुद्राची गोष्ट वेगळी, मला बर्फाकडे जायचंय.

शेवटच्या हिमयुगात कॅनडा आणि अमेरिकेचा उत्तर भाग बर्फाच्या चादरीखाली होता. हडसन उपसागराच्या बाजूला तिची जाडी तीनेक किलोमीटर असावी असा अंदाज आहे. हवा ऊबदार होऊ लागली तशी ही चादर उत्तरेकडे मागे सरकू लागली. नुसता बर्फ वितळला असता तर पाणी आपलं झिरपत गेलं असतं. अडचण अशी की पाण्याचा नैसर्गिक उतार उत्तर-पूर्वेकडे, आणि त्या बाजूला अजून बर्फच उभा. म्हणजे वितळलेलं पाणी वितळणाऱ्या भिंतीमागेच तुंबलं. अशी तळी त्या काळात जागोजागी झाली. त्यातलं अगासीझ नावाचं तळं तर आजची पाचही महासरोवरं एकत्र केली तरी त्याहून मोठं होतं. त्याचं जास्तीचं पाणी ज्या नदीतून गेलं तिने आजच्या मिनेसोटा नदीचं रुंद खोरं कोरून ठेवलं.

सेंट क्रॉयच्या वाट्याला आलं ते डुलुथ तळं. आजच्या सुपीरियर सरोवराच्या पश्चिम टोकाशी, पण पाण्याची पातळी आजच्यापेक्षा सुमारे दीडशे मीटर वर. पूर्वेची वाट बर्फाने बंद, म्हणून ते दक्षिणेच्या खिंडीतून सांडलं आणि तेच पाणी टेलर्स फॉल्सच्या बेसाल्टवर येऊन आदळलं. पुढे बर्फ आणखी मागे हटला, पूर्वेकडच्या खालच्या वाटा मोकळ्या झाल्या, तळ्याची पातळी उतरली, आणि दक्षिणेची वाट कोरडी पडली.

याच वाटेवरची एक गोष्ट मला दरीपेक्षाही विलक्षण वाटते. ज्या खिंडीतून ते पाणी दक्षिणेला गेलं त्याच खिंडीत आज दोन नद्या आहेत. एकीचं नाव ब्रूल. ती उत्तरेला, सुपीरियर सरोवराकडे वाहते, म्हणजे तिची दरी ज्या दिशेने कोरली गेली त्याच्या बरोबर उलटी. दुसरी सेंट क्रॉय, ती दक्षिणेला जाऊन मिसिसिपीला मिळते. दोघींच्या उगमांमध्ये थोडी दलदल, थोडी चढण, एवढंच अंतर. तिथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक होड्या डोक्यावर घेऊन एका नदीतून दुसरीत जात. १६८० मध्ये दु ल्यूत नावाचा फ्रेंच माणूस याच वाटेने गेला. डुलुथ हे शहराचं आणि मग त्या तळ्याचं नाव त्याच्यावरून पडलं. आपल्याकडे इंदूरजवळ जानापावच्या डोंगरावर असंच आहे. उत्तरेच्या उताराला पडलेलं पाणी चंबळ, यमुना, गंगा करत बंगालच्या उपसागरात जातं आणि दक्षिणेच्या उताराला पडलेलं नर्मदेवाटे अरबी समुद्रात. इंदुरातले लोक पावसाळ्यात तिथे भुट्टे खायला जातात, देशाचं पाणी कुठे दुभंगतं ते मात्र फारसं कोणी बघत नाही.

आता रांजणखळगे. ज्यांनी निघोजला कुकडीच्या पात्रातले पाहिलेत त्यांना सेंट क्रॉयचे लगेच कळतील. कातळात गोल, गुळगुळीत, उभी भोकं. काही बादलीएवढी, काहींत माणूस बुडेल अशी. एकाचं नाव ‘बॉटमलेस पिट’, तळ नसलेला खड्डा; तळ आहे, ६० फुटांवर. रुंदी जेमतेम १० फूट. वरच्या कठड्यावरून वाकून पाहिलं की पोटात खड्डा पडतो. जगात मोजल्या गेलेल्या सर्वांत खोल रांजणखळग्यांमध्ये त्याची गणना होते. वेगाने येणारं पाणी खडकाच्या खाचेत अडकून भोवरा धरतं, त्यात वाळू, खडे, गोटे सापडतात आणि गरगर फिरत खाली खाली खडक खातात. गोटेही झिजतात, संपतात, वरून नवे पडतात. या खळग्यांच्या तळाशी असे चेंडूसारखे गोल गोटे सापडले आहेत.

पण लक्षात ठेवायची गोष्ट खळग्यांची खोली नाही, त्यांची जागा आहे. हे खळगे आजच्या पाण्यापासून कितीतरी वर, कड्याच्या माथ्याशी आहेत. तिथे आज पावसाचं पाणी साचतं, त्यात शेवाळ धरतं. भोवरा फिरायचा तर नदी तेवढ्या उंचीवरून वाहिली पाहिजे, नुसती वाहून भागणार नाही, भरधाव सुटली पाहिजे. म्हणजे ज्या कठड्यावर टेकून मी फोटो काढत होते ती जागा पुराच्या धारेत होती.

रात्री आईला फोन केला. ती रामबागेत भावाकडे असते, ऐंशी ओलांडली आहे, पण प्रश्न विचारण्यात माझ्या नातवाच्या वर. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अगं, पण दगड कापायला हळूहळूच लागतं ना? विहिरीच्या काठाला दोराने घर पडतं ते काय एका दिवसात?”

लहानपणापासून आपल्या कानावर हेच पडलंय. थेंबे थेंबे तळे साचे. दोर येऊन-जाऊन दगड झिजतो. अभ्यासाला बसवायला हे ठीक आहे. नदीवर ते लागू करायला गेलं की गडबड होते. माझं म्हणणं असं की कठीण खडकातली दरी धीराने होत नाही. वर्षाचे बहुतेक दिवस, शतकातली बहुतेक वर्षं नदी खडकाचं काहीही बिघडवत नाही, नुसती त्याच्यावरून जाते. स्वच्छ संथ पाण्यात दगड घासायला हत्यारच नसतं. वाळू-गोटे तळाशी बसून असतात, उलट खडकाला पांघरूण घालतात. पाण्याला ते उचलता येतील असा वेग कधीतरीच येतो. आणि भेगाळलेल्या बेसाल्टच्या बाबतीत तर घासण्यापेक्षा उपटणं जास्त चालतं: वेगाचं पाणी भेगांमध्ये दाब देतं, अख्खे ठोकळे सुटे करून उचलतं. नदीच्या कामाचे दिवस मोजके. आपण तिला पाहायला जातो ते तिच्या सुट्टीच्या दिवशी, आणि तेव्हाची तिची चाल बघून तिच्या कामाचा हिशोब मांडतो.

हे म्हणायला आज काही धाडस लागत नाही. शंभर वर्षांपूर्वी लागत होतं, आणि ज्याला लागलं तो माणूस माझा लाडका आहे. जे हार्लेन ब्रेट्झ. आधी सिएटलला शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, मग शिकागो विद्यापीठात भूशास्त्राचे प्राध्यापक झाले. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागात बेसाल्टचं मोठं पठार आहे, आपल्या दख्खनसारखंच लाव्ह्याचं, वयाने बरंच तरुण. त्यावर मातीचा सुपीक थर असायला हवा, पण मैलोन् मैल तो खरवडून गेलेला. उघडा काळा कातळ, कोरड्या दऱ्या, ज्यांवरून आज ओहोळही पडत नाही असे प्रचंड कोरडे धबधबे, आणि त्यांच्या पायथ्याशी खोल डोह. ब्रेट्झ उन्हाळ्यामागून उन्हाळे तिथे पायी हिंडले आणि १९२३ मध्ये त्यांनी लिहिलं: हे सगळं एका महापुराने केलं, थोड्या दिवसांत.

भूशास्त्रज्ञांच्या अंगावर काटा आला. त्यांचं म्हणणं समजून घ्यायला हवं, ते काही मूर्ख नव्हते. एकोणिसाव्या शतकातले भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायल यांच्या काळापासून या शास्त्राने मोठ्या कष्टाने एक गोष्ट कमावली होती: पृथ्वीवर जे झालं ते आज डोळ्यांसमोर चालणाऱ्या, सावकाश प्रक्रियांनी झालं. त्याआधी प्रत्येक डोंगर-दरीचं कारण बायबलातला प्रलय होता. त्या प्रलयाला दाराबाहेर काढायला शंभर वर्षं गेली, आणि आता हा शिकागोचा माणूस तोच मागच्या दाराने आत आणतोय! १९२७ मध्ये वॉशिंग्टन शहरात त्यांना व्याख्यानाला बोलावलं आणि एकेकाने उठून त्यांचे वाभाडे काढले. त्यांना विचारलेला प्रश्न रास्त होता: एवढं पाणी आलं कुठून? ब्रेट्झ यांच्याकडे तेव्हा त्याचं समाधानकारक उत्तर नव्हतं.

उत्तर दुसऱ्याकडे होतं. जोसेफ पार्डी यांनी १९१० मध्येच दाखवलं होतं की मोंटानात हिमयुगात मिझुला नावाचं मोठं तळं होतं, बर्फाच्या धरणाने अडवलेलं. धरणापाशी पाण्याची खोली सुमारे सहाशे मीटर. १९४२ मध्ये त्यांनी त्या तळ्याच्या तळाशी सापडलेल्या लाटांच्या खुणा प्रसिद्ध केल्या. ओढ्याच्या वाळूत बोटभर उंचीच्या वळ्या पडतात ना, त्याच. फक्त इथे काही मीटर उंच, आणि वाळूच्या जागी गोटे. तळं संथपणे आटलं असतं तर अशा वळ्या पडल्या नसत्या. बर्फाचं धरण फुटलं होतं. आज मानतात की ते पुन्हा पुन्हा बांधलं गेलं आणि पुन्हा पुन्हा फुटलं, डझनावारी वेळा; मोठ्या पुरात सेकंदाला एक कोटी घनमीटरहून जास्त पाणी गेलं. १९६५ मध्ये भूशास्त्रज्ञांचं एक आंतरराष्ट्रीय पथक तो प्रदेश हिंडलं आणि त्यांनी ब्रेट्झना अभिनंदनाची तार केली. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या भूशास्त्रज्ञांचं सर्वोच्च पेनरोझ पदक त्यांना मिळालं. तेव्हा त्यांनी नव्वदी कधीच ओलांडली होती. वाद घालणारे बहुतेक जण पदकाआधीच गेले होते, म्हणजे धीर लागला तो ब्रेट्झना, दरीला नाही.

डुलुथ तळ्याचं पाणी मिझुलासारखं एका फटक्यात फुटून आलं असं मी म्हणत नाही. तिथे बराच काळ मोठा प्रवाह वाहत राहिला असणार, त्यात कमी-जास्त असणार. पण आजच्या सेंट क्रॉयशी त्या पाण्याचं काही देणंघेणं नव्हतं, एवढं खळग्यांची उंचीच सांगते.

आईचा दुसरा प्रश्न: “आपल्याकडे कधी बर्फ नव्हता का गं?”

होता. फार आधी, साधारण ३० कोटी वर्षांपूर्वी, जेव्हा भारत आफ्रिका-अंटार्क्टिकाला चिकटून दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता. ओडिशात तालचेरला कोळशाच्या थरांखाली चिकणमातीत रुतलेले मोठमोठे धोंडे सापडले, आणि १८५६ मध्येच ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी सुचवलं की हे बर्फाने आणलेले असावेत. उष्ण कटिबंधात बर्फ! लोकांना ते पचायला वेळ लागला. चंद्रपूरजवळ इरई इथे पैनगंगेच्या काठी चुनखडीचा असा कातळ आहे ज्यावर हिमनदीने ओढत नेलेल्या दगडांचे समांतर ओरखडे आजही दिसतात. आईचं माहेर वर्ध्याचं. ती म्हणाली, “आमच्या बाजूला बर्फ? मे महिन्यात ये म्हणावं.”

माळव्यात त्या बर्फाचं काही दिसायचं नाही, सगळं लाव्ह्याखाली गाडलेलं. आपल्याला पूर देतो तो मान्सून. आणि इथे ब्रेट्झची गोष्ट थेट आपल्या अंगणात येते. ज्या व्हिक्टर बेकर यांनी १९७०च्या दशकात त्या महापुरांचं गणित मांडून ब्रेट्झना भक्कम आधार दिला, त्यांनीच पुढे पुण्याचे भूरूपशास्त्रज्ञ विश्वास काळे आणि इतर सहकाऱ्यांबरोबर नर्मदेवर काम केलं. पुनासाच्या घळीत. जागा इंदूरहून फार लांब नाही, पण तिथे असलं काही शोधलं गेलंय हे आमच्या गावात कोणाला ठाऊक नसतं. पद्धत साधी आणि सुंदर आहे. मोठा पूर घळीत चढतो तेव्हा बाजूच्या ओढ्यांच्या तोंडात, कपारीत पाणी थबकतं, तिथे बारीक वाळू-गाळ खाली बसतो. पूर ओसरला की तो थर तिथेच, नदीपासून उंचावर. पुढचा तेवढाच मोठा पूर आला की त्यावर दुसरा थर. शेकडो वर्षांचे पूर असे एकावर एक रचून ठेवलेले असतात, आणि थरातल्या कोळशाच्या कणांवरून त्यांचं वय काढता येतं. नर्मदेच्या पात्रातले मोठे धोंडे रोजच्या पाण्याने, अगदी नेहमीच्या पावसाळ्यातल्या पाण्यानेही फारसे हलत नाहीत. हलतात ते असल्या पुरांत. १९७० च्या सप्टेंबरात गुजरातेत गरुडेश्वरला नर्मदेतून सेकंदाला सुमारे ६९ हजार घनमीटर पाणी गेलं. आईला तो पूर आठवतो, रेडिओवर ऐकलेला.

आमच्या देवघरात नर्मदेचा बाण आहे, म्हणजे शिवलिंग म्हणून पुजतात तो गोटा. आजोबांनी धाराजीहून आणलेला, तळहातात मावेल असा, लालसर, लांबट गोल. धाराजी म्हणजे ओंकारेश्वरच्या वरच्या बाजूचा धबधबा. नर्मदा तिथे कातळावरून कोसळायची आणि खालच्या कुंडांत दगड फिरून फिरून असे बाण बाहेर पडायचे. सेंट क्रॉयच्या खळग्यांतले गोटे आणि आमचा बाण एकाच कारखान्यातले. फक्त एक जण पूजेत बसला. एप्रिल २००५ मध्ये धाराजीला अमावास्येची जत्रा भरली असताना वरच्या धरणातून सोडलेलं पाणी रात्री अचानक घाटावर चढलं आणि कितीतरी माणसं वाहून गेली. पुढे ओंकारेश्वरचं धरण झालं, आणि धबधबा, कुंडं, सगळं त्याच्या जलाशयाखाली गेलं. आता तिथे बाण घडत नाहीत.

सेंट क्रॉयचंही तेच. एका काठावर टेलर्स फॉल्स, दुसऱ्या काठावर सेंट क्रॉय फॉल्स, दोन्ही गावांच्या नावात धबधबा आणि गावात धबधबा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेसाठी बांधलेल्या धरणाने तो बुडवला. १९६८ मध्ये अमेरिकेने नैसर्गिक नद्या राखायचा कायदा केला, त्यात पहिल्या आठ नद्यांमध्ये सेंट क्रॉयचा समावेश झाला. धबधब्याला त्याचा उपयोग नव्हता.

वितळत्या बर्फाचे पूर मात्र जुन्या काळात संपलेले नाहीत. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या वरचं चोराबारी तळं फुटलं, त्या यात्रेला आपल्या गावचेही लोक गेले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमचं दक्षिण ल्होनक तळं फुटलं आणि तीस्तेवरचं धरण घेऊन गेलं. मिझुलाचीच रीत, लहान मापात. फरक एवढाच की मिझुलाच्या खालच्या अंगाला आजच्यासारखी गावं, हॉटेलं आणि वीजघरं नव्हती.

परत आल्यावर मी पाताळपाणीला जाऊन आले. इंदूरच्या माणसाला पाताळपाणी काय सांगायचं! महूच्या पुढे चोरल नदी पठाराच्या कडेवरून खाली उडी घेते, उंची तीनशे फूट सांगतात, आणि पुढे दरीतून नर्मदेकडे जाते. २०१८ पासून पाताळपाणी ते कालाकुंड ती जुनी मीटर गेजची गाडी पर्यटकांसाठी चालते. कालाकुंड स्टेशनावर पळसाच्या पानावर कलाकंद मिळतो, तो चुकवू नये. उन्हाळ्यात धबधबा जवळजवळ कोरडा. बघणाऱ्याला वाटतं, हा ओहोळ काय दरी कापणार? मग २०११ चा जुलै आठवावा. वरच्या बाजूला पाऊस झाला, खाली ऊन होतं, आणि धबधब्याच्या माथ्यावर पात्रात उभ्या असलेल्या माणसांभोवती बघता बघता पाणी चढलं. पाच जण वाहून गेले, तिघे वाचले नाहीत. ती चित्रफीत इंदुरात सगळ्यांनी पाहिली आहे आणि कोणालाच पुन्हा पाहावीशी वाटत नाही. त्या पात्राने त्या दिवशी जे केलं ते त्याचं नेहमीचं काम होतं. आता तिथे जाळी लावली आहे.

हे सगळं मी आमच्या सकाळच्या फिरण्याच्या कंपूत सांगितलं, नेहरू पार्कच्या बाकावर, पोह्याआधी. आमच्यात एक काका आहेत, सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, घाटातले रस्ते केलेले. बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ताई, तुमचा पूर कबूल. पण सुरुंग उडवायच्या आधी भोक पाडावं लागतं. आम्ही दिवसभर भोकं पाडायचो, संध्याकाळी बार उडवायचो. लोक बार बघायला यायचे, भोकं पाडताना कोणी यायचं नाही.”

यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं आणि अजून पुरतं नाही. पूर ठोकळे उचलतो हे खरं, पण ठोकळा सुटा व्हायला भेग लागते. ती पहिल्यांदा लाव्हा थंड होताना पडते, मग पाणी, ऊन, झाडांची मुळं तिच्यात वर्षानुवर्षं काम करतात, थंडीच्या देशात गोठणारं पाणी तिला रुंदावतं. सेंट क्रॉय एका ठिकाणी जवळजवळ काटकोनात वळते, तिथल्या कड्याला ‘अँगल रॉक’ म्हणतात. १८८६ मध्ये ओंडके वाहून नेताना त्या वळणावर लाकडं अशी अडकली की प्रचंड ढीग लागला. वळण पाण्याने ठरवलेलं नाही, खडकातल्या भेगांनी ठरवलंय. एवढा मोठा पूर, पण वाट जुन्या भेगांची धरली.

काकांना घेऊन मे महिन्यात पाताळपाणीला जायचं ठरतंय. लोक ऑगस्टमध्ये जातात, धबधबा बघायला. आम्हाला माथ्यावरचा कोरडा कातळ बघायचाय, कुठे भेग पडलीय, कुठला ठोकळा हलतोय, पुढचा बार कुठे उडेल. काका म्हणाले ते बरोबर हातोडी आणतील, दगड वाजवून बघायला. पोकळ दगडाचा आवाज वेगळा येतो म्हणे.